बादलीभर पाणी

(कॅलिफोर्नियातल्या डोंगरातलं, तीन वर्षांपूर्वी वणव्यात सापडलेलं एक तळं. काठावर दोन तंबू. दुपार कललेली. एका तंबूमागून काडीपेटीचा 'खर्र' आवाज येतो.)

हर्षिता: आई? आई, काय पेटवलंत? थांबा. सरका, सरका आधी... फू!

कांता: अगं! काय करून राहिलीस तू? विझवलीस?

हर्षिता: हो, विझवली. ती काडीपेटी द्या इकडे.

कांता: बुद्धासमोरची मेणबत्ती तू फुंकर मारून विझवलीस. आज ह्यांना जाऊन वर्ष झालं, बरोबर वर्ष. आणि तू केकवरची विझवावी तशी फू करून मोकळी!

हर्षिता: सकाळी परमिटच्या खिडकीत ती बाई काय सांगत होती आपल्याला?

कांता: मला इंग्रजी येत नाही असं नको धरू. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. कॅम्पफायर करायची नाही म्हणाली. मी काय होळी पेटवली? बोटाएवढी मेणबत्ती ती.

हर्षिता: उघडी ज्योत म्हणाली ती. कुठलीही. तीन वेळा म्हणाली. आपल्याला तीन वेळा, आणि आपल्यापुढे ते दाढीवाले होते ना, त्यांना एकदाच, तेही हसून. इतका राग आला होता मला तिचा! पण म्हणून तिचं म्हणणं चुकीचं होत नाही.

कांता: मग मघाशी चहा केलास तो काय उन्हावर?

हर्षिता: तो गॅसचा स्टोव्ह आहे. बटण फिरवलं की बंद. तो चालतो.

कांता: म्हणजे चहासाठी चालते आग. नवऱ्यासाठी नाही चालत.

हर्षिता: असं नका ना बोलू. मी आणल्यात मेणबत्त्या. त्या निळ्या पिशवीत, खास आजच्यासाठी आणल्यात.

कांता: पाहिल्या. प्लास्टिकच्या. खाली बटण आहे.

हर्षिता: ज्योत हलतेसुद्धा त्यांची.

कांता: हॉटेलात टेबलावर ठेवतात त्या, बाप्पा! ह्यांच्या फोटोसमोर बॅटरी लावू मी? पिंपरीची असलीस म्हणून काय झालं, आपल्याच माणसांतली पोर ना तू? तुझ्या आईने कधी बटण दाबून वंदना घेतलीय?

हर्षिता: माझी आई जळलेल्या रानात बसून घेत नाही वंदना. वर बघा जरा. हे जे उभं आहे ना भोवती, ही झाडं नाहीत, कोळसे आहेत. खाली वाळलेल्या सुया आहेत, वारा आहे. एक ठिणगी पुरते.

कांता: मी बसले होते ना समोर. मेणबत्ती पेटवून झोपायला थोडीच जाणार होते?

हर्षिता: सगळे असंच म्हणतात.

कांता: सगळे कोण? मला त्यांच्यात बसवून राहिलीस? येऊ दे तुझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला. त्याच्यासमोर बोलू.

हर्षिता: त्याला यायला तास आहे अजून. अस्वलाला न उघडणारा तो दुसरा डबा गाडीत राहिला, म्हणून आपली होडी, ती कनू घेऊन पलीकडे गेलाय. आणि त्याला विचारायचंच आहे मला. आज बाबांचा दिवस, तुम्ही पेटवणार हे त्याला माहीत होतं, आणि तो बरोबर ह्याच वेळी होडीत बसून निघून जातो! दोन बायका घेतील बघून आपसात, हो ना?

कांता: त्याच्यावर नको घसरू. आणि तो डबा मलाही उघडत नाही. काल अर्धा तास झटले. बिस्किटं दिसत होती आतली.

हर्षिता: खाली दाबून मग फिरवायचं, सांगितलं होतं मी.

कांता: अस्वलालाही सांगून बघ.

यशू: ममा! आजी! सेव्हन्टी-टू! सेव्हन्टी-टू बेबी ट्रीज आहेत इथे! माझ्या नी-एवढे!

कांता: बहात्तर? शाब्बास माझी बेटा! पाय नको देऊ हं त्यांच्यावर.

यशू: आय नो, आजी. मी त्या पर्पल फ्लॉवर्सच्या बाजूने जातेय. व्हाय आर यू गाइज फायटिंग?

हर्षिता: फायटिंग नाही, बोलतोय. त्या मोठ्या खडकापलीकडे जायचं नाही. इकडची मोज आता.

कांता: सात वर्षांची झाली, सगळं कळतं तिला.

हर्षिता: म्हणूनच म्हणतेय, हळू बोला. आई, तुम्ही नव्हतात तेव्हा इथे. तुमचा व्हिसा आला नव्हता, बाबा एकटेच आले होते. यशू चार वर्षांची होती. सकाळी उठलो तर आकाश विटकरी, सूर्य नुसता तांबडा ठिपका. गाडीकडे जायची पायवाट बंद. प्रफुल्लने कनू पाण्यात ढकलली आणि चौघे तळ्याच्या मधोमध जाऊन बसलो. चार तास. हिच्या तोंडावर ओला टॉवेल होता, आणि ती विचारत होती, ममा, स्नो का पडतोय? राख होती ती! आणि तुम्ही मला म्हणता, बोटाएवढी मेणबत्ती.

कांता: ह्यांनी सांगितलं होतं मला. राखेचंही सांगितलं होतं.

हर्षिता: मग तरी काडी ओढलीत?

कांता: ओढली. घरी फोटोसमोर रोज लावते, हात आपोआप जातो. कुठे बसलेय ते भान नाही राहिलं एक मिनिट. चुकलं म्हण हवं तर. पण तू फुंकलीस ना, तसं नव्हतं करायचं. मला सांगितलं असतंस, मी हाताने विझवली असती. आमच्यात फुंकत नाहीत.

हर्षिता: मला सुचलं नाही. आवाज ऐकला आणि मी धावले.

कांता: हं.

हर्षिता: मला चीड येते, आई. तुमची नाही, त्या लोकांची. त्या पांढऱ्या खडकापाशी होते ते, सात-आठ जण. दोन दिवस स्पीकर लावून गाणी, काचेच्या बाटल्या, कशाचं काही नाही. निघताना आग नीट विझवायची एवढं साधं काम होतं! धूर तसाच सोडून हसत हसत होड्यांत बसले. आणि पाच दिवसांत सगळा डोंगर गेला. त्यांना कुणी काही विचारलं का? ते आज कुठल्यातरी दुसऱ्या तळ्यावर असतील, तशीच गाणी लावून! आणि खिडकीतली बाई नियम तीनदा सांगते तो मला!

कांता: तो धूर तू पाहिला होतास?

हर्षिता: सगळ्यांनीच पाहिला. बारीक धूर होता. अगरबत्तीचा असतो तेवढा.

कांता: आणि ह्यांनी बादली उचलली होती. ती घडीची, रबरी. भरून घेतली होती म्हणाले.

हर्षिता: बाबांनी सांगितलं तुम्हाला?

कांता: नवरा-बायको होतो, बेटा. काय नाही सांगणार?

हर्षिता: काय म्हणाले?

कांता: जाऊ दे. आज नको.

हर्षिता: नाही, आता सांगाच. सुरुवात तुम्ही केलीत. माझं नाव सांगितलं त्यांनी?

कांता: म्हणाले, मी निघालो होतो, दहा पावलं गेलो होतो. मागून हर्षिताने हाक मारली, 'बाबा, परत या. दुसऱ्यांच्या साइटवर जायचं नसतं इथे.'

हर्षिता: त्यांची एक खुर्ची होती तिथे! एक खुर्ची आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. मला वाटलं, कुणीतरी परत येणार आहे. आणि आला असता, आणि आपल्या जागेत बाबांना बघितलं असतं, तर? सत्तरीचा सावळा माणूस, इंग्रजी अडखळत. त्याला काय म्हणाले असते ते? तुम्हाला इथलं माहीत नाही. चुकीच्या घराची बेल वाजवली म्हणून गोळ्या घालतात लोक इथे. एक तर ते लोक पीत होते. मी काय करायला हवं होतं? जाऊ द्यायला हवं होतं त्यांना?

कांता: हातात बादली होती त्यांच्या. बंदूक नव्हती.

हर्षिता: हातात काय आहे ते नंतर बघतात, आई!

कांता: ओरडू नको माझ्यावर.

हर्षिता: ओरडत नाहीये.

कांता: मग ऐक आता. लहानपणी गावात एक विहीर होती, तिकडे जायचं नाही म्हणून ह्यांना बजावलं होतं. हा माणूस दिवसाढवळ्या गेला, बादलीभर पाणी काढलं, मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत गेला. फॅक्टरीत साहेबांच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसला, तीन दिवस कुणी ताट वाढलं नाही, चौथ्या दिवशी वाढलं. वस्तीत कुणाचं लग्न असो, सगळे जेवून गेले की शेवटची बादली हे भट्टीवर ओतणार, मग घरी येणार. मी उपाशी ताटकळत बसायची. 'तिकडे जाऊ नको' हे ह्या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलं नाही. इथे ऐकलं. तू म्हणालीस म्हणून ऐकलं. भरलेली बादली घेऊन मागे फिरले.

हर्षिता: मी त्यांच्याच जिवासाठी म्हटलं ना!

कांता: मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. एकदाही रागाने नाही बोलले. 'पोरगी घाबरली होती, कांता, तिचा चेहरा बघून मी फिरलो,' एवढंच म्हणायचे.

हर्षिता: मग मला का नाही बोलले कधी? दर रविवारी फोन करायचे. भाजी काय केलीस, यशूचा दात पडला का, हसत बोलायचे. दोन वर्षं! एकदा तरी म्हणायचं होतं, तुझ्यामुळे झालं. मी भांडले तरी असते. रिपोर्ट दाखवला असता. सगळा वाचलाय मी तो, अकरा-अकरा वेळा. 'माणसांमुळे लागलेली आग, नेमकी जागा निश्चित करता आली नाही.' निश्चित नाही, असं लिहिलंय त्यात! म्हणजे ती त्यांचीच होती असंही नाही!

कांता: कोणाला समजावून राहिलीस तू?

हर्षिता: तीन वर्षं मी त्या लोकांना शिव्या देतेय. प्रफुल्लसमोर, ऑफिसात, मैत्रिणींना. एकदाही बादलीचं सांगितलं नाही कुणाला. प्रफुल्ल तेव्हा तंबूत यशूला झोपवत होता, त्याने पाहिलंच नाही. मला वाटलं होतं, बाबांबरोबर संपलं ते.

कांता: मलाही वाटलं होतं, माझ्याबरोबर संपेल. नव्हतं बोलायचं. तू ती मेणबत्ती विझवलीस आणि तोंडातून गेलं.

हर्षिता: तुम्हाला राग आहे माझा.

कांता: आहे. मघाशी फुंकलीस त्याचा आहे. बादलीचा नाही. ज्याने तुझ्या डोक्यात ती भीती घातली त्याचा आहे, पण तो कोण ते मला ठाऊक नाही, नाहीतर त्याच्याही दारात गेले असते.

हर्षिता: तरी काडी नाही ओढू देणार मी तुम्हाला.

कांता: नको देऊ. घे, ठेव काडीपेटी तुझ्याकडे. ती मेणबत्ती मात्र तशीच राहू दे फोटोपुढे. विझलेली तर विझलेली. ह्यांना चालेल. बटणाची नको पण.

हर्षिता: नाही लावत.

कांता: डोळे पूस. आणि बस इथे, माझ्या शेजारी. मी सुरुवात करते, तू मागून म्हण. येतं ना सगळं? का तेही अमेरिकेत राहिलं?

हर्षिता: येतं.

यशू: ममा.

हर्षिता: यशू? तू कधी आलीस?

यशू: आत्ता नाही. मी त्या लॉगच्या मागे होते. आय हर्ड.

हर्षिता: काय ऐकलंस?

यशू: आजोबा पाणी घेऊन चालले होते. आणि तू नो म्हणालीस. बिकॉज यू वर स्केअर्ड.

कांता: ये बेटा, इकडे ये आजीजवळ. ते मोठ्यांचं—

हर्षिता: राहू द्या, आई. हो, यशू. घाबरले होते मी.

यशू: ओके.

हर्षिता: ये, बस. चपला काढ.

यशू: पण ममा, नेक्स्ट टाइम ना... मला एकटीला धूर दिसला, आणि ते लोक आपल्यासारखे नसतील, तर मी जायचं, की नाही जायचं?