आज बादली नाही

हॅलो?… हो, राइलीच बोलतेय. कोण, हिल्का?… थांब, इथं मासे कापायच्या मशीनचा आवाज आहे. बाहेर येते… हां, बोल.

काय?… कुणाबरोबर?… यालमारीबरोबर? आपली इरमेली? अस्वलांत?

अगं, आई आहेस ना तिची? आणि वर हसतेस?

हो, लिहिलं मी पेपरात. खाली नावही घातलं, घाबरते काय! अकरा वर्षं हा माणूस अख्ख्या फिनलंडला सांगत सुटलाय… मी अस्वलांत राहतो, त्यांनी मला आपल्यातला मानलंय, अन्नाचा कण कधी टाकला नाही. मग दर शुक्रवारी आमच्या मागच्या दाराला व्हॅन लावून माशांची मुंडकी नि आतडी कोण नेतं? दोन-दोन पिंपं! त्याची आजी?… मांजरं कसली, हिल्का! दोन पिंपं खाणारी मांजरं? मीच भरून देते ती, माझ्या या हातांनी.

अगं ऐक ना… ऐक! माझं शिक्षण कशाला काढतेस मध्येच? मुंडकी मोजायला कॉलेज लागतं?

बरं, ते राहू दे. आजच का गेले, ते सांग… माझ्यामुळे? म्हणजे काय?… उत्तर छापलंय त्यानं? मी नाही बघितला आजचा पेपर. वाच… हं… 'राइलीबाईंनी आव्हान दिलंय, हिंमत असेल तर एकदा बादलीशिवाय जाऊन दाखव'… हो, हे माझंच वाक्य… पुढे?… 'रिकाम्या हातांनी जाईन, आणि साक्षीला कॅमेरा घेऊन त्यांची सख्खी भाची असेल'…

थांब, शुक्रवार मोजते.

हिल्का, गेल्या शुक्रवारी तो आलाच नाही. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही नाही. मला काय आनंद झाला होता! म्हटलं, लाजला मेला एकदाचा… अगं, लाजला नव्हता! दोन आठवडे त्यानं त्यांना काही टाकलेलंच नाही. बंद केलंय खाणं!

'मग खरंच बोलतोय ना तो' काय? डोकं ठिकाणावर आहे का? अकरा वर्षं हा माणूस आला की जेवण आलं, एवढंच त्या जनावरांना ठाऊक. माया नाही नि नातं नाही. दोन आठवड्यांची उपाशी ती, आणि आज हा त्यांच्यात जाऊन नुसता बसणार. ती काय त्याचा मुका घेऊन परत जातील? हुंगतील, ढकलतील, मासे कुठं लपवलेस म्हणून…

काय म्हणालीस?… पुन्हा बोल. त्याचं जाकीट?… इरमेलीच्या अंगात?… वास ओळखीचा वाटावा म्हणून?

देवा रे. त्यालाच तर अकरा वर्षांच्या माशांचा वास आहे.

रडू नकोस. हिल्का! रड नंतर. फोन लाव तिला… व्हॅनमध्ये ठेवायला लावला? हरामखोर! बरं, तिचा भाऊ, ओन्नी, आहे का घरात? त्याला सांग, त्याच्या फोनवरून ११२ लाव, आत्ता. यालमारीचं दलदलीकडचं खोपट म्हणावं, जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यानं… हो, धरते मी…

काय म्हणाले?… पाऊण तास? पाऊण तासात तर… आत्ता किती वाजलेत? साडेचार. पाचला येतात ती. इकडचे सगळे जण जाणतात, पाचला येतात.

थांब, बोलू नकोस. विचार करू दे.

दोन पिंपं भरलेली आहेत. सकाळचीच मुंडकी. आमची गाडी घेते. दलदलीच्या अलीकडच्या उतारावर ओतते सगळी. वारा तिकडेच वाहतोय, वास बरोबर पोचेल. अस्वलं वळतील इकडे… वळतील गं! उपाशी आहेत ना… दहा-बारा मिनिटं लागतील मला… गाडीतून न उतरता कशी ओतू? काहीतरीच बोलतेस.

ओन्नीला सांग, पलीकडच्या रस्त्यानं जा, भोंगा वाजवत जा, पोरीला गाडीत घाल. आधी ते जाकीट काढून फेक म्हणावं.

हो… हो, कळतंय मला, हिल्का! मला नाही का कळत? अस्वलं येतील, वळून निघून जातील, आणि उद्या तो छापील, बघा, हात रिकामे होते नि केसाला धक्का लागला नाही. फोटो आपल्याच पोरीनं काढलेला. छापू दे! साऱ्या देशात मिरवू दे लेकाला! मी तोंड उघडणार नाही. पोरगी घरी येऊ दे फक्त…

तू कशाला माफी मागतेस? तिला तिथं मी पाठवलं. दोन ओळी लिहिल्या नि फुशारकीत फिरत होते गावभर…

काय?… माझे कपडे? सकाळी सातपासून मासे कापतेय, वास येणारच. बदलायला वेळ कुठाय?

हिल्का, ठेव आता. पिंप उचलायला दोन्ही हात लागतात.