पाणी नसलेल्या गावची वांगी

...आणि वर मलाच विचारतात, मग पाणी गेलं कुठं! अहो, मी काय ते धोतराच्या सोग्यात बांधून नेलं? तुम्हाला सांगतो, या पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात मी वर्ध्याच्या कचेरीतला साधा कारकून, सायकलचा आणि माझा दोघांचाही दम गेलेला, आणि काम काय दिलं? तर धाम नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी नाल्यानाल्यांवर जे लहान लहान बंधारे घातलेत, त्यांतून ते किती पाणी उपसतात त्याचा अंदाज काढा. कशाला? तर खाली मोठं धरण बांधायचा विचार आहे, वरच्यांचं पाणी वजा करूनच त्याचा हिशेब होणार. म्हणजे ज्याचं पाणी कागदावर लागलं त्याचं ते राहिलं, ज्याचं नाही लागलं त्याचं गेलं! किती सरळ गोष्ट! पण लोकांना वाटलं, आली पाणीपट्टी...

पहिले भेटले डोमाजी. मागे मोट कुरकुरतेय, बैल उतारावरून चाललेत, पाणी थारोळ्यात धबाधब पडतंय, आणि हे मला म्हणतात, "पाणी? कायचं पाणी जी? आमी तं घेतच नाई." म्हटलं, "मग ही मोट?" "ते होय! ते बैलाइची सवय मोडू नाई म्हून चालवून राह्यलो." आणि निघताना पिशवीत ही एवढाली वांगी! "घेऊन जाजा बाबूसायेब, घरी लेकराबाळाइले." लेकरंबाळं... बरं, ते असो.

पुढे बबनराव. "आमचा बंधारा फुटका हाय, थेंब थांबत नाई." आणि त्या फुटक्या बंधाऱ्याखाली काकडीचे वेल असे माजलेले की माझी सायकल अडकली! मग मनकर्णाबाई. "मायबाई, पानी तं म्या यंदा पाह्यलंच नाई," असं म्हणत म्हणत तिने माझ्या हातात काठोकाठ भरलेला गडवा दिला. मी प्यालो. काय करणार, ऊन होतं!

सगळ्या खोऱ्याची बेरीज आली शून्य. आमचे साहेब जबलपूरचे, चष्मा कपाळावर चढवून बघतात. "बाबूजी, इतने बंधारे और पानी शून्य? तो फिर पानी गया कहाँ?" आणि मग अगदी गोड आवाजात, "जगदलपूर में एक जगह खाली है."

आता राज्य एकच, मध्यप्रदेश. वर्ध्याचा माणूस उचलून बस्तरातल्या त्या जगदलपुरात टाकायला एक सही पुरते. मला जंगलाची भीती नाही हो. पण घरी सासूबाई आहेत. माझी बायको, कोकिळा, जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या दुखण्यात तिची आई आली, ती राहिली. लोक विचारतात, लेक गेल्यावर सासू जावयाकडे कशी? मी उत्तर देत नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून वरणभात खातो, फारसं बोलत नाही, पण बसतो. बदली झाली तर त्या देवळीला पुतण्याकडे जाणार, हे उघडच होतं. सत्तरीच्या बाईला बस्तरात चला म्हणायला मी तोंड कुठून आणू?

तर त्या संध्याकाळी जगदलपूरचं सासूबाईंच्या कानावर घातलं आणि डोमाजींची वांगी चुलीपुढे ओतली. त्यांनी एक उचललं, दाबलं. "काऊन जी जवाईबापू, पानी घेत नाई म्हन्ते, न् वांगे कायच्यावर पिकोते, थुकीवर? अन् तेबी बियाचेच!"

दुसऱ्या दिवशी डोमाजींनी विचारलं, "वांगे कसे लागले?" मी आपलं खरं ते सांगितलं, "घरी म्हणाले, बियांचीच आहेत." अहो, तो माणूस भडकला! "बियाचे? कोन म्हन्ते? अजी दिवसभर दोन मोटा चालते माह्या, बैल फेसाटून जाते, आठव्या दिसाले साऱ्या वावराले पाणी फिरते, न् बियाचे म्हन्ते?"

मनात म्हटलं, सापडलं की पाणी!

मग काय विचारता! पुन्हा सारं खोरं पालथं घातलं, पण पाण्याचं नाव काढलं नाही. नुसती भाजीला नावं ठेवत सुटलो. बबनरावांना म्हटलं, "काकडी जरा कडू निघाली." "कडू? दिवसाआड पाणी पाजतो तिले, लेकरावानी!" "फुटक्या बंधाऱ्यातून?" "फुटका असन तुमच्या हापिसाचा!" शिव्या खाल्ल्या, पण आकडे आले. अहवालात पद्धत काय लिहू? भाजीची निंदा? लिहिलं, "स्थानिक चौकशी."

साहेबांचा विश्वास बसेना. "कल तक शून्य, और आज इतना? मैं खुद देखूँगा." जीप निघाली ती थेट मनकर्णाबाईच्या शेतात. साहेबांनी सरळ विचारलं, "बाई, पानी कितना लेती हो?"

"पानी? पाह्यलंच नाई जी!"

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, त्या चष्म्याच्या काचेत मला जगदलपूर दिसलं! वांग्यांना नावं ठेवावीत, तर साहेबांसमोर जीभ उचलेना. तेवढ्यात बाईने साहेबांपुढे वांग्यांची टोपली धरली. साहेबांनी एक उचललं, फिरवून पाहिलं, आणि सहज म्हणाले, "हमारे यहाँ तो इससे दुगुने होते हैं."

देव पावला!

"दुगुने?" बाईने पदर खोचला. "या इकडं! हे पाहा मोट, हा पाहा पाट, तो पार बाभळीपर्यंत जाते! तुमच्या जबलपूरले इतकं पानी पाजते का कोनी वांग्याले?" बाई पुढे, साहेब मागे, बांधाबांधाने सगळं शेत फिरवलं. आकडा माझ्या आकड्याशी बरोब्बर जुळला! परतताना, मांडीवर टोपली सांभाळत, साहेब म्हणाले, "जगदलपूर किसी और को भेजेंगे." डोक्यावरचं ओझं उतरलं हो, ओझं! आणि यांचं पाणीही कागदावर लागलं, ते वेगळंच.

घरी आलो, दारातूनच ओरडलो, "बदली टळली!" कोपऱ्यात दोन गाठोडी, सुतळीने आवळून बांधलेली. म्हटलं, "देवळीची तयारी केलीत?"

"देवळीले कोन जाते? जगदलपूरले हिवाळा लई राह्यते म्हन्ते. तुमची गोधडी न् माही गोधडी बांधून ठेवली, आठ दिस झाले."

"पण... मला सांगायचं तरी!"

"तुमी इचारलं? साऱ्या नदीले इचारत फिरले, घरात तं नाई इचारलं!"

मी खाली बसलो आणि गाठी सोडायला लागलो. पण सासूबाईंनी गाठ अशी मारलेली की नखं मोडली, दात लावले, सुटेना. शेवटी विळीवर सुतळी कापली.

तर वरून म्हणतात, "कापली काऊन? पुढच्या बदलीले कामी आली असती!"