पिंजाऱ्याच्या दुकानातली झोप

झोपेच्या गोळ्यांचं मला नका सांगू. कंपनीत रातपाळी लागली अन् दिवसा माझा डोळाच लागंना. म्हणून मुकुंदवाडीच्या पिंजारी चाचांकडं नवी गादी बघायला गेलो. "लेटून बघ," ते म्हणाले अन् कापूस पिंजायला बसले. पिंजणाची तार टंय टंय वाजू लागली. लहानपणी बिडकीनला आमच्या अंगणात पिंजारी बसायचा, मी आईच्या मांडीवर झोपायचो. तसाच झोपलो, उठलो ते दिवस मावळताना!

गादी घरी नेली, पण झोप काय आली नाय. परत गेलो. "चाचा, तुमच्या गादीत खोट हाय." ते पिंजण घेऊन बसले. मी पुन्हा संध्याकाळी उठलो, तर चाचा घामाघूम. म्हणाले, "हात थांबला की तू चुळबुळतोस. जरा लवकर उठत जा बेटा, खांदा दुखतो."