हसरं झाकण

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आई आत डॉक्टरांकडे होती. धाकटी औषधाच्या बाटल्या डिझाइन करणाऱ्या कंपनीत कामाला होती.

"ताई, काल घरूनच मीटिंग होती. साहेबांनी ऑनलाइन व्हाइटबोर्ड उघडला आणि म्हणाले, दहा मिनिटं डोकं चालवा, सुचेल ते चिकटवा."

"काय चिकटवा?"

"चिठ्ठ्या गं, रंगीत, स्क्रीनवरच. नवीन झाकण कसं असावं, त्याच्या. एकाने लिहिलं, 'हसरं झाकण'. त्याला नऊ जणांनी बदाम दिले."

"झाकण कशाला हसेल?"

"असलं विचारायचं नसतं तिथे."

"आणि तू काय लिहिलंस?"

"'झाकण उघडत नाही म्हणून माझ्या आईची रक्तदाबाची गोळी चुकते.' साहेबांनी ती चिठ्ठी ओढत नेली आणि 'नंतर बघू'च्या चौकटीत टाकली."

"धन्य आहे तुमची!"

"मग मी आईलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि हातात बाटली दिली. बिचारी पिळतेय, पिळतेय. बोटं लाल झाली."

"लाज वाटली असेल सगळ्यांना."

"कसली लाज! साहेब म्हणाले, आजींना जरा थांबायला सांगा, मतदान चालू आहे."

"आणि आई थांबली?"

"आई? ती म्हणाली, 'अहो, तुमच्या टेबलावर दिसतेय की बाटली. तुम्हीच उघडून दाखवा.'"

"उघडली?"

"त्यांनी कॅमेरा बंद केला. माइक बंद करायला मात्र विसरले. पाच मिनिटं आम्ही सगळे नुसती खटखट ऐकत होतो."