घेवर आणि जर्मनमधला 'घे'

हिंदी मुलखातल्या सीतापुऱ्याहून निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसे निहारने कानातले इअरफोन काढले.

"प्रणिता, जर्मनीच्या दौऱ्यातून तुझं नाव कापलं? का गं?"

"जर्मन पाहुण्याला घेवर मिठाई देताना मी 'निम' म्हणाले. म्हणजे 'घे'. 'नेमेन झी' म्हणायचं होतं, म्हणजे 'घ्या'."

"मग, चिडला तो?"

"छे! हसून दोन तुकडे खाल्ले त्याने. भडकले आमचे साहेब. म्हणे, मोठ्यांशी बोलायची अक्कल नाही!"

"हे कोण म्हणतंय? तुमचे साहेब?"

"तेच! चहा देणाऱ्या साठीच्या रामजीलालजींना रोज 'ए, इधर आ' म्हणतात!"

"मतलब, हेच तोंडावर सांगायचंस ना!"

"सांगितलं की. नाव त्यानंतर कापलं."