अण्णांच्या पाठीवरचा डबा

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. वहिनी समोर बसल्यात, त्यांना दिसू दे किती माणसं आलीत ते.

मी दत्तूअण्णांचा शेजारी. मिलही एकच. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर, तिथल्या कामगारांचे मुकादम; मी ऑफिसात टाइमकीपर. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो. त्या माणसाला 'होते' म्हणायला जीभ वळत नाही. पण आज बोलणार, आणि नीट बोलणार. कारण गेले दहा दिवस एक गोष्ट कानावर येतेय आणि माझं डोकं फिरलंय.

माणसं वहिनींना भेटायला येतात, डोळे पुसतात, आणि उठता उठता म्हणतात, "ह्या वयात पळायला कशाला लावलं त्यास्नी?" परवा वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुमी कायम संगं होता. खरं सांगा. माझं चुकलं काय?"

मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. आधी तुम्ही आठ वर्षांपूर्वीचे अण्णा आठवा. आठवतात? वय पंचेचाळीस. दिवसाला विड्यांची दोन बंडलं. पोट असं की स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून दम खायचे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि तोंडावर सांगितलं, असंच चाललं तर दोन वर्षं धरा. अण्णा घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

वहिनींनी काय केलं? विड्या चुलीत घातल्या. साच्यांपुढं उभं राहून अण्णांचे गुडघे सुजलेले, म्हणून डॉक्टर म्हणाले होते की आधी पाण्यात हातपाय हलवा. आता माणूस सांगोल्याचा. तिकडं प्यायच्या पाण्याची मारामार, पोहणार कुठं? वहिनींनी गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, त्याचं तोंड झाळून बंद करून आणलं, जुन्या लुगड्याची पट्टी काढली, आणि होटगी रस्त्यावरच्या मळ्यातल्या विहिरीवर नवऱ्याच्या पाठीला स्वतःच्या हातानं बांधला. पोहायला शिकताना आपण पोरांना बांधतो तसा. ज्यांची नुसती नजर फिरली की साचेखातं गप्प व्हायचं, ते जॉबर पाठीवर डबा घेऊन पायरीवर थरथर कापत उभे. मी काठावर टॉवेल धरून. हसू नको तर काय करू? हसा, तुम्हीही हसा. अण्णांना चालायचं.

सहा महिन्यांत डबा सुटला. मग सायकल आली. आपल्या रसूलभाईंनी, ते बघा खांबाशी बसलेत, जुनी सायकल नवी करून दिली. मग पळणं. पुढं या दोन्हींत मीही सामील झालो. आणि मग सुट्टीच्या दिवशी तिन्ही एका दमात. विहीर, तिथून सायकलवर होटगी, परत येऊन सायकल रसूलभाईंच्या दुकानात टाकायची आणि नवी पेठेतून पळत घर. मी म्हटलं, अण्णा, एक काहीतरी करा की. तर म्हणाले, "एकच केलं की अंग शानं होतंय. तीन केली की त्याला कळतच न्हाय, आता ह्यो काय करणार."

पहिल्या दिवशीचं पळणं आठवतंय का, नवी पेठवाले? सकाळची वेळ, हाफ चड्डी, कॅनव्हासचे बूट, जॉबर पळतोय. आपल्याकडं मोठा माणूस पळतो कधी? आग लागली तर. कुणी गेलं तर. फुलवाला ओरडला, "अण्णा, काय झालं?" अण्णांना दम कुठला बोलायला? त्यांनी नुसता हात हलवला, काही नाही म्हणून. लोकांना वाटलं, चला म्हणतायत. झालं! चौकापर्यंत मागं पंधरा माणसं. एकाच्या हातात पाण्याची बादली. वहिनींनी दार उघडलं, गर्दी बघितली आणि किंचाळल्या. अण्णा धापा टाकत म्हणाले, "काय न्हाय. व्यायाम."

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली. आम्हाला वाटलं, आता खंड पडणार. अण्णा घमेलं घेऊन खाली उतरले, गाळ उपसायला. म्हणाले, पाणी आलं की पोहू, तोवर हेच पोहणं. अशा माणसाला व्यायामानं मारलं म्हणता?

अण्णा गेले तो मंगळवार ऐका. अण्णा पळत नव्हते. पोहत नव्हते. दुपारी जेवले, शेंगाचटणी आज झकास झालीय म्हणाले, आणि मागं टेकले. वहिनींनी हाक मारली. मी डॉक्टरांकडं पळत सुटलो, त्याच नवी पेठेतून. आणि मंडळी, एकानंही विचारलं नाही, काय झालं म्हणून. फुलवाला हसून म्हणाला, "काय टाइमकीपर, आज दुपारचं?" तेव्हा फार वाईट वाटलं. रडतच पळालो. आता वाटतं, ही अण्णांची करणी. मोठा माणूस पळताना दिसला की या पेठेत आता कुणी घाबरत नाही.

डॉक्टर त्या दिवशी मला बाहेर नेऊन म्हणाले, "मी दोन वर्षं म्हणालो होतो. वरची सहा माझ्या औषधानं आलेली नाहीत." कुणामुळं आली, ते समोर बसलंय. पुन्हा कुणी त्यांच्या दारात जाऊन तसलं बोललात तर आधी माझ्याशी गाठ आहे.

आता माझं उत्तर. परवा मी पटकन म्हणालो, छे वहिनी, तुमचं काहीएक चुकलं नाही. त्या उठल्या. आत गेल्या, फळीवरून तो डबा काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "मग तुमी का कदी उतरला न्हाईसा?"

मंडळी, खरं आहे. मी सायकल मारली, मी पळालो. पण आठ वर्षं विहिरीच्या काठावर टॉवेल धरून बसलो. पाण्याची भीती वाटते मला. अण्णा म्हणायचे, या की. मी म्हणायचो, उन्हाळा येऊ दे. आठ उन्हाळे गेले. परवा मी तो डबा उचलून घरी गेलो.

हा बघा डबा. खुर्चीखाली ठेवलाय. पट्टी नवी आहे, काल रात्री वहिनींनीच पाठवली.

आता उठू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. पळून आल्यावर अण्णा दाराशी उभे राहायचे, तसे लांब श्वास घेत उभे राहा.

वहिनी, तुमचं चुकलं नाही. अण्णा, उद्या सकाळी मी पाण्यात उतरतो. नमस्कार घ्या.