कुंपणालगतच्या दोन ओळी

सोलोलाच्या बाजाराला निघालेल्या बसमध्ये निकोलासा अंड्यांची पाटी मांडीवर सांभाळत बसली होती. पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिच्या शेताचा शेजारी बोलत होते.

"एर्लिंदामावशी, कुंपणावरचं रान काढलंत का हो?"

"काढते रे बाबा. हा बघ, कोयता धार लावायलाच नेतेय. दोन वर्षं डोकं खाल्लंस माझं."

"साप येतात म्हणून म्हणायचो."

"येतात. बेडूक येतात, मधमाश्या येतात. मी औषध मारत नाही, मग येणारच. तुझ्याकडे कोण फिरकतं, क्रिसान्तो?"

"माझं शेत स्वच्छ असतं."

"म्हणून तर तुझी बायको रोज सकाळी भोपळ्याचं एक फूल दुसऱ्यावर घासत फिरते. मधमाश्यांचं काम तिच्या गळ्यात!"

"कंटाळली ती. सोडून दिलं तिनं."

"मग धरले का भोपळे?"

"दोन ओळी धरल्या. बाकीची फुलं गळाली."

"कुठल्या दोन?"

"तुमच्या कुंपणालगतच्या."

निकोलासा पाटी घट्ट धरून पुढे झुकली. म्हातारीनं कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"मावशी," क्रिसान्तो म्हणाला.

"काय?"

"कोयता बोथटच राहू द्या."